खिडकीची रात्र : थर्माकोलच्या फळीचा विस्मृत इतिहास

१/
इंग्लंडच्या उत्तर सीमेजवळ अल्निक नावाचा किल्ला आहे. सन १५६७ मध्ये तेथील मालमत्तेची पाहणी झाली, तेव्हा कारभाऱ्याने एक शिफारस नोंदवून ठेवली. नॉर्थम्बरलँडचे अर्ल मुक्कामाला नसतील तेव्हा खिडक्यांची काचेची तावदाने उतरवून सुरक्षित जागी ठेवावीत, कारण सोसाट्याच्या वाऱ्याने त्यांची नासाडी होते. धनी परतले की ती पुन्हा बसवावीत.

२/
आजच्या वाचकाला हा प्रकार उलटा वाटेल. काच कायमची आणि तिच्यावरचे आवरण काढघालीचे, अशी आजची समजूत आहे. सोळाव्या शतकात काच ही चांदीच्या भांड्यांसारखी जपून ठेवण्याची वस्तू होती. भिंतीत कायम असे ती लाकडी झडप. खिडकीत काय स्थिर ठेवायचे आणि काय हलवायचे, याचे उत्तर गेल्या पाच शतकांत अनेकदा बदलले. त्यातले एक उत्तर १९७० च्या दशकात अमेरिकेत थर्माकोलच्या फळीच्या रूपाने आले. या धाग्यात त्या फळीचा इतिहास.

३/
महाराष्ट्रात खिडकीची काळजी असते ती ऊन आत येण्याची. बर्फाळ प्रदेशात प्रश्न नेमका उलट असतो : घरातली ऊब बाहेर जाण्याचा. खोलीत २० अंश सेल्सिअस आणि बाहेर उणे १० अंश असेल, तर एकेरी काचेच्या एक चौरस मीटर खिडकीतून साधारण १८० वॅट उष्णता सतत वाहून जाते. ६० वॅटचे तीन जुने दिवे केवळ अंगणातील हवा तापवण्यासाठी रात्रभर जळत ठेवावेत, तसे हे आहे.

४/
काच स्वतः उष्णता जवळजवळ अडवतच नाही. तिच्या दोन्ही अंगांना चिकटून राहणारा हवेचा पातळ, स्थिर थर जो काही अडथळा करील तेवढाच. याउलट थर्माकोलमध्ये असंख्य सूक्ष्म कप्प्यांत हवा कोंडलेली असते. अडीच सेंटिमीटर जाडीची फळी काचेच्या आतील बाजूस घट्ट बसवली, तर वरच्या उदाहरणातील १८० वॅट सुमारे ३५ वॅटवर येतात. म्हणजे गळती पाचव्या हिश्श्याएवढी उरते.

५/
मग फळी कायमचीच का बसवू नये? कारण तसे केले की ती खिडकी राहत नाही, भिंत होते. दिवसा प्रकाश हवा, बाहेरचे दृश्य हवे, आणि दक्षिणेकडील खिडकीतून येणारे हिवाळी ऊन तर फुकटचे इंधनच. एकाच भोकाकडून दिवसा एक आणि रात्री दुसरे, अशी परस्परविरोधी अपेक्षा आहे. ती पूर्ण करायची तर काहीतरी हलले पाहिजे. ते हलवणारा हात कोणाचा, आणि तो किती वेळा हलवायचा, हा या इतिहासाचा गाभा आहे.

६/
भाषांनी खिडकीची जुनी ओळख जपली आहे. संस्कृत ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा. इंग्रजी ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतील ‘विंडाउगा’पासून आला, त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. काच सर्वसामान्यांच्या घरात येण्यापूर्वी उत्तर युरोपात या डोळ्याची पापणी म्हणजे लाकडी झडप, किंवा तेल पाजलेले कापड, किंवा चर्मपत्र. झडप उघडली तर उजेडाबरोबर गारठा आत येई, आणि मिटली तर उबेबरोबर अंधार.

७/
काच स्वस्त होत गेली तरी झडप लगेच गेली नाही. अठराव्या शतकात एडिंबरासारख्या शहरांत बांधलेल्या घरांत खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी कोनाड्यांत आतल्या झडपा घडी घालून दडवलेल्या असत. सांज झाली की त्या उलगडायच्या, आडवी लोखंडी पट्टी लावायची, आणि सकाळी पुन्हा घडी करायची. चोरापासून संरक्षण, खासगीपणा आणि ऊब असे तिहेरी काम त्या करीत. सधन घरांत ते काम नोकरांच्या वाट्याला येई.

८/
मध्य युरोप आणि रशिया येथे वेगळी रीत रुळली. तेथे हात दररोज हलत नसे. वर्षातून दोनदा हले. शरद ऋतूत खिडकीत दुसरी, हिवाळी चौकट बसवली जाई. दोन तावदानांच्या मधल्या जागेत तळाशी कापूस पसरला जाई आणि फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या जात. वसंतात ती चौकट काढणे म्हणजे घराघरांत ऋतुबदलाची घोषणाच असे. येथे उष्णता अडवणारा पदार्थ म्हणजे दोन काचांमध्ये अडकलेली हवा. ती पारदर्शक असल्यामुळे रोज काढण्याची गरज नव्हती.

९/
अमेरिकेच्या उत्तर भागात हीच कल्पना ‘स्टॉर्म विंडो’ म्हणून नांदली. लाकडी चौकटीतील जादा तावदान शिडीवर चढून बाहेरून टांगायचे आणि वसंतात उतरवून तळघरात ठेवायचे. जुन्या घरांच्या खिडक्या एकसारख्या मापाच्या नसत, म्हणून प्रत्येक तावदानावर आणि प्रत्येक खिडकीवर जुळणारे क्रमांक ठोकलेले असत. काही जुन्या घरांत ते आजही सापडतात. हंगामी श्रमाचा तो छोटासा शिलालेख म्हणावा.

१०/
दुसऱ्या महायुद्धानंतर शिडी अडगळीत गेली. खिडकीतच वरखाली सरकणारी ॲल्युमिनियमची तावदाने आली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेल स्वस्त झाले. गारठा जाणवला तर भिंतीवरची तापमानाची कळ फिरवावी, भट्टी आपोआप पेटेल. फिलिप जॉन्सन यांचे काचेचे घर १९४९ मध्ये उभे राहिले, मीस व्हान डेर रोह यांचे फार्न्सवर्थ हाऊस १९५१ मध्ये. चारही भिंती एकेरी काचेच्या, आणि तेही कडाक्याच्या हिवाळ्याच्या प्रदेशात. त्या सौंदर्याची किंमत इंधनाच्या बिलात मोजली जात होती. ते बिल तेव्हा हलके होते, इतकेच.

११/
ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब–इस्रायल युद्ध भडकले. इस्रायलला मदत करणाऱ्या अमेरिकेविरुद्ध अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा पिंपामागचा भाव सुमारे ३ डॉलरवरून सुमारे १२ डॉलरवर गेला. पेट्रोल पंपांवरच्या रांगा छायाचित्रांत अमर झाल्या. घरोघरी मात्र दुसरे एक संकट उभे होते : तळघरातली तेलाची टाकी आता पूर्वीच्या पैशांत भरणार नव्हती.

१२/
२ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले. घर दिवसा ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ सेल्सिअस, आणि रात्री ५५, म्हणजे सुमारे १३ अंशांवर ठेवावे, असे आवाहन त्यांनी केले. शासनाने काटकसर सांगितली. पण काही कारागीर, वास्तुविद आणि भौतिकशास्त्रज्ञ तोपर्यंत वेगळ्या दिशेने कामाला लागले होते. त्यांनी आपले लक्ष थेट काचेवर केंद्रित केले.

१३/
त्यांतील एक नाव स्टीव्ह बेअर. न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्क येथे १९६९ मध्ये ‘झोमवर्क्स’ ही कंपनी स्थापणाऱ्यांपैकी ते होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जवळच्याच कोरालेस गावी स्वतःचे घर बांधले. दक्षिणेकडील काचेमागे त्यांनी पाण्याने भरलेली, प्रत्येकी सुमारे २०० लिटरची तेलाची पिंपे आडवी रचली. दिवसा उन्हाने पिंपांतले पाणी तापे आणि रात्री तीच ऊब घराला मिळे.

१४/
पण अडचण उघड होती. ज्या काचेतून ऊन आत आले, तिच्यातूनच रात्री ऊब बाहेर पळणार. म्हणून बेअर यांनी काचेबाहेर तळाशी बिजागरी असलेली उष्णतारोधक मोठी दारे बसवली. दिवसा ती जमिनीवर पालथी पडत, आणि त्यांचा चकचकीत पृष्ठभाग आणखी ऊन काचेकडे परतवी. सूर्य मावळला की आतूनच दोर ओढून दारे उभी करायची. किल्ल्याच्या झुलत्या पुलासारखी ही योजना होती.

१५/
प्रत्येक घराला झुलता पूल परवडणार नव्हता. म्हणून याच कंपनीने ‘नाइटवॉल’ नावाची अगदी साधी युक्ती विकायला काढली. काचेवर चुंबकीय पट्ट्या चिकटवायच्या, थर्माकोलची फळी खिडकीच्या मापात कापून तिला लोखंडी पातळ पट्ट्या लावायच्या. संध्याकाळी फळी काचेवर टेकवली की चिकटे. सकाळी ओढली की सुटे. सुतार नको, बिजागरी नको, भिंतीला भोक नको. घरमालकाची परवानगी मागावी लागत नसल्याने भाडेकरूलाही ती वापरता येई.

१६/
याच वर्तुळातून ‘बीडवॉल’ ही गमतीदार कल्पनाही आली. दोन काचांमध्ये काही सेंटिमीटरची पोकळी ठेवायची. रात्री झाडूयंत्रातल्यासारख्या पंख्याने थर्माकोलचे बारीक मणी त्या पोकळीत भरायचे आणि सकाळी ते शोषून पुन्हा पिंपात साठवायचे. मिनिटांत पारदर्शक काच पांढरी भिंत होई. हात हलवण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याचा हा प्रयत्न होता. स्थिर विजेमुळे मणी काचेला चिकटून बसत, ही त्यातली एक डोकेदुखी.

१७/
या साऱ्या प्रयोगांची मोजदाद विल्यम शर्क्लिफ यांनी केली. दुसऱ्या महायुद्धात सरकारच्या वैज्ञानिक संशोधन कार्यालयात काम केलेले हे हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ. १९६७ मध्ये स्वनातीत प्रवासी विमानांच्या गडगडाटाविरुद्ध त्यांनी नागरिकांची संघटना उभारली होती. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्या विमानाचा निधी थांबवला. त्यानंतर आकाशातून त्यांची दृष्टी खिडकीकडे वळली.

१८/
१९८० मध्ये त्यांचे ‘थर्मल शटर्स अँड शेड्स’ हे पुस्तक निघाले. खिडकीतून होणारी उष्णतेची गळती रोखण्याच्या शंभरहून अधिक योजना त्यात असल्याचे उपशीर्षकच सांगते. त्याच वर्षी विल्यम लँगडन यांचे ‘मूव्हेबल इन्सुलेशन’ हे याच विषयावरचे पुस्तकही आले. एकाच वर्षी खिडकीच्या झडपांवर दोन ग्रंथ निघावेत, यावरून त्या काळातील निकड लक्षात येते. लॉस अलामोस येथील सौरगृहांच्या गणितांतही ‘रात्रीच्या आवरणासह’ आणि ‘आवरणाविना’ अशी दोन उत्तरे वेगवेगळी काढली जात.

१९/
कागदावर फळी निर्विवाद जिंकत होती. घरात मात्र तिच्यापुढे अडचणी उभ्या राहिल्या. पहिली फटींची. फळी आणि चौकट यांत वर-खाली थोडी जागा राहिली, तर काचेलगतची हवा थंड होऊन खालून खोलीत सांडते आणि वरून उबदार हवा तिची जागा घेते. असा अदृश्य धबधबा एकदा सुरू झाला की फळीची जाडी बरीचशी व्यर्थ जाते. कडा घट्ट बसणे हे जाडीइतकेच महत्त्वाचे ठरले.

२०/
दुसरी अडचण बाष्पाची. फळी लावली की काच खोलीच्या उबेपासून तुटते आणि अधिकच थंड होते. स्वयंपाक, स्नान, श्वास यांतून निघालेली वाफ फटीतून मागे शिरली की काचेवर पाणी साचते, त्याचे बर्फ होते, आणि सकाळी ते वितळून लाकडी चौकट कुजवते. ऊब राखताना चौकट गमावण्याची ही वेळ. म्हणजे येथेही तोडगा एकच : कडा हवाबंद करणे.

२१/
तिसरी अडचण विसरण्याची. आतून लावलेली फळी भर उन्हात तशीच राहिली, तर तिच्यामागे उष्णता कोंडून काच तडकू शकते. चौथी आगीची. उघडा थर्माकोल सहज पेट घेतो आणि दाट काळा धूर सोडतो. म्हणून त्यावर आगीला तोंड देणारे आच्छादन लागे. पाचवी अगदी घरगुती : दहा खिडक्यांच्या दहा फळ्या दिवसा ठेवायच्या कुठे? पलंगाखाली, कपाटामागे, की दारामागे?

२२/
या सर्वांहून मोठी अडचण मात्र पदार्थविज्ञानाची नव्हती. फळी रोज संध्याकाळी लावावी लागे आणि रोज सकाळी काढावी लागे, अख्खा हिवाळा. पहिल्या हिवाळ्यात उत्साह असतो, तिसऱ्या हिवाळ्यात फळी पलंगाखालीच राहते. ते काम घरात कोणाच्या अंगावर पडे, हाही प्रश्न होताच. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवले की घरगुती साधने आली तरी गृहिणीचे श्रम अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. रात्रीच्या फळीचाही विचार त्याच प्रकाशात करायला हवा.

२३/
स्वतः बेअर यांनी १९७५ मध्ये याच कोड्याची दुसरी बाजू मांडली होती. यंत्रात कपडे वाळवले तर ती ऊर्जा देशाच्या हिशोबात येते. तेच दोरीवर वाळत घातले तर सूर्याचे योगदान कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. फळीचेही तसेच. तिने वाचवलेले तेल कोणत्याही कारखान्याच्या उत्पादनात नोंदवले जात नव्हते, आणि ती लावणारा हात तर अजिबातच नाही. जे मोजले जात नाही, त्याच्या पाठीशी भांडवल उभे राहत नाही.

२४/
भांडवल आणि सरकारी निधी दुसऱ्या वाटेने गेले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत खिडक्यांवर संशोधन सुरू झाले. काच किंवा पारदर्शक पडद्यावर धातूचा इतका पातळ थर द्यायचा, की डोळ्यांना दिसणारा प्रकाश आरपार जाईल, पण खोलीतल्या वस्तूंमधून निघणारी अवरक्त उष्णता आत परतेल. १९८१ मध्ये या तत्त्वावरचे व्यापारी उत्पादन बाजारात आले. ‘लो-ई’ काच म्हणून आज ती जगभर परिचित आहे.

२५/
रात्रीच्या फळीला हे आव्हान निर्णायक ठरले. एका रात्रीपुरते पाहिले, तर थर्माकोलची चांगली बसवलेली फळी नव्या दुहेरी काचेच्या तोडीस तोड ठरत होती. पण नवी काच दिवसाही काम करी, आणि तिला कोणी हात लावावा लागत नसे. पाठोपाठ १९८५ अखेर सौर उपकरणांवरची करसवलत संपली, १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, आणि कार्टर यांनी व्हाइट हाऊसच्या छतावर बसवलेली सौर तावदानेही त्याच वर्षी उतरवली गेली. फळीचे ग्रंथ रद्दीच्या दुकानांत पोहोचले.

२६/
तरीही प्रश्न संपला नव्हता. नवी काच म्हणजे नवी खिडकी, आणि नवी खिडकी म्हणजे मोठा खर्च. भाडेकरू, निवृत्त वृद्ध, जुन्या वारसा इमारतींत राहणारे लोक यांना ती वाट बहुधा बंदच होती. २००८ मध्ये ‘हिस्टॉरिक स्कॉटलंड’ने ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाकडून जुन्या खिडक्यांची मोजणी करून घेतली. जाड पडद्याने गळती १४ टक्के घटली, बंद केलेल्या जुन्या लाकडी झडपांनी ५१ टक्के, झडपांत उष्णतारोधक भरल्यावर ६० टक्के, आणि आतून दुसरे तावदान लावल्यावर ६३ टक्के. तावदान आणि झडप मिळून आकडा ७५ वर गेला.

२७/
म्हणजे अठराव्या शतकातील झडप, जिला नंतरच्या पिढ्यांनी रंगाचे थर चढवून कोनाड्यातच बुजवून टाकले होते, ती एकटीच निम्मी गळती रोखत होती. हे ज्ञान त्या घरांच्या भिंतींत पूर्वीपासून होते. तेल स्वस्त झाल्यावर ते वापरण्याची गरज संपली. आणि गरज संपल्यावर दोन पिढ्यांत झडप ही केवळ सजावट वाटू लागली.

२८/
अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात अनेक घरे आजही तेलावर तापतात. तेथे २०१० मध्ये रॉकलंड गावच्या एका चर्चमधून ‘विंडोड्रेसर्स’ हा उपक्रम उभा राहिला. पाइनच्या हलक्या लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी पारदर्शक प्लास्टिकचा पडदा ताणायचा, कडेला फोमची पट्टी लावायची, आणि ती चौकट खिडकीत आतून दाबून बसवायची. शेजारीपाजारी एकत्र जमून या चौकटी तयार करतात. ऐपत नसलेल्यांना त्या सवलतीत किंवा विनामूल्य मिळतात.

२९/
या चौकटीची रचना इतिहासाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ती थर्माकोलच्या फळीइतकी उष्णता अडवत नाही. पण ती पारदर्शक आहे, म्हणून रोज काढावी लागत नाही. कडेची फोमची पट्टी फट बुजवते, म्हणून बाष्पाचा उपद्रवही घटतो. शरदात बसवायची, वसंतात काढायची. रशियातील हिवाळी चौकट आणि अमेरिकेतील क्रमांकाची स्टॉर्म विंडो यांचा कालक्रम तिने उचलला, आणि नाइटवॉलप्रमाणे ती भाडेकरूच्या हातात राहिली.

३०/
खिडकीच्या पाच शतकांत हाताच्या तीन लयी दिसतात : रोजची, ऋतूची, आणि काहीच न करण्याची. रोजची लय सर्वांत स्वस्त पडते, पण सर्वांत आधी मोडते. हात न लावण्याची लय सोयीची, पण ती विकत घ्यावी लागते. ऋतूची लय या दोहोंच्या मध्ये शतकानुशतके टिकून आहे. साधन किती चांगले, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटतो. ते साधन कोणत्या घरात पोहोचेल आणि तिसऱ्या हिवाळ्यातही वापरात राहील का, हे संध्याकाळी खिडकीपाशी जाणाऱ्या माणसाला किती सवड आहे आणि त्याच्या खिशात किती पैसे आहेत, यावर ठरते. अल्निकच्या कारभाऱ्याने १५६७ मध्ये तावदाने उतरवायला सांगितली, तेव्हा ती उतरवण्यासाठी त्याच्या हाताशी नोकर होते. बहुतेक घरांत ते नसतात.